सहा मिशा

गोकुळपेठेतला दुकानदार म्हणाला, शार्क आहे,
लहानच राहतो, टाकीपुरता वाढतो.
मी मोटर वाइंडिंगवाला.
जळालेली कॉइल वासावरून सांगतो,
माशाचं मला काय कळणार?
शेपटी फेजच्या वायरसारखी लाल,
पाठ न्यूट्रलसारखी काळी,
मधून पांढरा पट्टा. आवडला. घेतला.
पवनीच्या पुढे रस्ता फुटलेला,
तिथून लाखांदूरपर्यंत एसटीत
पिशवी दोन्ही हातांनी अधांतरी धरून आणली.

सुकराम दिघोरे टेबलफॅन न्यायला आला
आणि काचेपुढे उकिडवा बसला.
उभा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेलेला माणूस,
बोट काचेला न लावता मोजत राहिला.
"मांगुराले आठ. शिवड्याले चार.
याले सहा.
आपल्या पान्याचा नोहे गा हा."
फॅन तिथंच विसरून गेला.

रात्री मोबाइलवर फोटो ताडून पाहिले.
दोन मिशा वरच्या जबड्याला, चार हनुवटीला,
डोक्यावर ठिपके.
रेडटेल. अमेझॉनचा.
चार फुटांच्या वर जातो.
टाकी माझी तीन फुटांची.

पोळ्याला बोटभर होता,
दिवाळीला वीतभर, होळीला हातभर.
सोबतचे सगळे गोल्डफिश गेले,
दोन गारगोट्या गेल्या,
मग थर्मामीटर.
तिसऱ्या दिवशी तो त्यानं उलटून टाकला,
अख्खा, सत्तावीस दाखवत.
बायकोनं माझ्याकडे पाहिलं.
वंदना बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.

वळताना त्याची शेपटी काचेला घासायची.
मग तो वळेनासाच झाला.
मागे सरकायचा, पुढे सरकायचा,
लायनीत उभ्या ट्रकसारखा.
उचलला की घशातून आवाज काढायचा,
घुर्र,
बेअरिंग गेलेल्या पंपासारखा,
आणि बेअरिंग बदलून भागण्यातलं ते दुखणं नव्हतं.

सल्ले फुकट मिळाले.
कापून खा, म्हणाला साळा.
सर्कशीला दे.
तलावात सोड, म्हणाले बहुतेक जण,
एवढं पाणी पडलं आहे, देव पाहून घेईल.
सुकरामला विचारलं. तो सोसायटीचा माणूस,
जूनमध्ये त्यांनी बोटुकली सोडलेली,
रोहू, कटला, मृगळ, उधारीची.
बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
"तलावाले दार नसते," म्हणाला,
"आत गेलं का गेलं.
अना हा तं थर्मामीटर खाते."

म्हणून गोठ्याच्या जागी टाकं बांधलं.
म्हशी विकून झालेल्या, जागा पडूनच.
पंधरा बाय आठ, खोली चार.
सिमेंट महिनाभर भिजत ठेवलं, तीनदा पाणी बदललं,
कूलरचे तीन जुने पंप जोडून गाळणी केली,
मे महिन्यात वरून ओली पोती.
मला वाटलं, उन्हाळा काढला म्हणजे जिंकलो.
पण तिकडून आलेल्या जिवाला ऊन नाही मारत,
मारतो आपला डिसेंबर.
लाइट गेली की हीटर गार,
मग मी आणि वंदना
चुलीवर पाणी तापवून कडेकडेनं ओततो,
हात बुडवून पाहत, बाळाचं न्हाणं असल्यासारखं.
हे तिनं कधी सुरू केलं, आठवत नाही.

आठवड्यातून दोनदा खाणं. जास्त दिलं तर चरबी धरतो.
सोनल विचारते, किती वर्षं जगतो?
वीस. जास्तही.
मी अठ्ठेचाळीसचा.
या आकड्यांची बेरीज मी तिच्यापुढे करत नाही.

शनिवारी सुकराम येतो,
पळसाच्या पानात झिंगे घेऊन.
पैसे घेत नाही. फॅन अजून माझ्याकडेच आहे.
कडेला उकिडवा बसतो, बोट वर धरतो,
आणि पाण्यातून तो रुंद, चपटा चेहरा
हळूहळू वर येईपर्यंत थांबतो.
मोजतो.
"सहाच हायेत," म्हणतो,
जणू एखाद्या शनिवारी
आठ व्हायची शक्यता होती.