नववा मैल

खणायचं नाही, खरवडायचं, असं लेखी आदेशात होतं.
म्हणून पहार बाजूला राहिली
आणि कोयंडेबाईंनी पर्समधून दात घासायचा ब्रश काढला.
कुर्ला डेपोच्या पुढे, जुन्या आग्रा रोडला,
दस्तगीर चावीवाल्याच्या पेटीला लागून
काळ्या दगडाचं टाळकं, जेमतेम वीतभर.

मी म्हणालो, बुडालाय बिचारा.
झिलू मुकादम हसला. तीस वर्षं डांबर ओतलेला माणूस.
"दगड कशाला बुडेल? रस्ता चढलाय.
खडी, वर डांबर, वर डांबर, इलेक्शनला परत डांबर,
मग लाद्या, लाद्या उखडून पेव्हर ब्लॉक.
तो होता तिथंच हाय. आपणच वर आलो, चालत चालत."

पहिल्या दिवशी सिमेंट निघालं.
दुसऱ्या दिवशी निळा ऑइलपेंट, त्यात अर्धवट निशाणी,
मग शेंदूर, बोटभर जाड.
कुणीतरी नवस बोललं असणार याला,
पावलाही असणार,
कारण शेंदराखाली परत शेंदूर.
तिसऱ्या दिवशी आकडा:
एक उभी काठी, शेजारी फुली.

"फुली म्हणजे इथं बसू नये," दस्तगीर म्हणाला,
"आणि मी बावीस वर्षं बसलोय."
नऊ आहे ते, बाई म्हणाल्या. दहाला एक कमी.
"कुठून नऊ?"
किल्ल्यातल्या चर्चच्या दारापासून.
"दार आहे अजून?"
दार आहे. किल्ला नाही.
हरवलेल्या चावीची हकिगत ऐकताना हलवतो
तशी त्यानं मान हलवली.

अहवालासाठी मी रस्ता पायी केला,
शीवपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत.
जकात गेली, नाका राहिला.
बैलांना पाणी पाजायची डोणी सापडली एक,
तिच्यात कुणी गुलबक्षी लावलीय.
भोंग्यांच्या जागी टॉवर, तळं नसताना नावात लेक.
मेट्रोच्या खांबांनाही नंबर आहेत,
पण खांबाला कुणी विचारत नाही, आग्रा किती लांब.
आग्र्याला निघालेला मला एकही भेटला नाही.
सगळे घाटकोपरला निघाले होते
आणि सगळ्यांना उशीर झाला होता.

चौथ्या दिवशी माथा धुतला तेव्हा खळगा दिसला.
सुपारीएवढा, गुळगुळीत,
मधोमध नाही, जरा डावीकडे.
बाईंनी टेप लावली.
हे नुकसान, म्हणाल्या. भरावं लागेल. चुना, दगडाची भुकटी.
दस्तगीर काही बोलला नाही.
पेटीतून एक कोरी चावी घेतली, खळग्यात ठेवली.
बसली.
मग डाव्या हातात हातोडी घेऊन
दोनदा, हलकेच.

फॉर्मवर रकाना होता: झिजेचं कारण.
पाऊस, वाहनं, अज्ञात. एकावर खूण करायची.
बाई बराच वेळ पेन धरून उभ्या राहिल्या,
एक बस गेली, दुसरी गेली,
मग तिन्ही खोडून लिहिलं:
चाव्या.

आता दगडाभोवती रेलिंग आहे, पितळी पाटी आहे.
दस्तगीर पलीकडे सरकलाय, रसवंतीच्या अंगाला,
रुळाचा तुकडा मांडीशी घेऊन.
"लोखंडावर लोखंड नुसतं बोंबलतं," म्हणतो.
"दगड ऐकून घ्यायचा."

गेल्या महिन्यात रेलिंगच्या कुलपाची चावी
वॉर्ड ऑफिसात गहाळ झाली.
साहेब यायचे होते पाहणीला.
मीच गेलो रस्ता ओलांडून.
त्यानं कुलपात तार घातली, कान लावला, दार उघडलं,
आत जाऊन आपल्या जुन्या जागी मांडी घातली
आणि तिथंच ठोकून चावी केली.
दोन केल्या.
एक आम्हाला दिली.