पिंप

कुणाकडून शिकलो, विचारतोस?
ऐक, एव्हारिस्त. आधी पिंप जाळायचं,
पोर्ट-ओ-प्रिन्सच्या धक्क्यावरून आणलेलं,
आत केळीची वाळकी पानं कोंबून,
तेलाचा वास उडेपर्यंत.
मग फाडून त्यावर चालायचं.
मी नऊ वर्षांचा. काका म्हणे, "नाच!"
आणि पत्रा सपाट व्हायचा.

काका थडग्यांवरचे क्रूस कापायचा.
छिन्नी धरायला त्यानं शिकवलं,
वाकवायला वादळानं:
एका रात्रीत अख्ख्या गल्लीची छपरं
सालीसारखी सोललेली.
आई रडत होती. मी वळणं बघत होतो.

आणि शेळीचा कान. हसू नकोस,
उन्हात धर, शिरा दिसतात.
माझ्या सगळ्या पंखांत तोच कान आहे.

क्लेर्मीनचा क्रूस मी कापला.
बहिणीचा. हात थरथरला, छिन्नी सटकली,
वाकडा तुकडा पायाशी पडला.
"फेक तो," काका म्हणाला.
नाही फेकला. शेपटी होती ती,
माझ्या पहिल्या जलपरीची.

टाकीचे घाव सोसले की दगडाचा देव होतो म्हणे.
पत्र्याचा नाही होत रे.
पत्र्याला भोक पडतं,
आणि पलीकडे कुणीतरी
कपडे वाळत घालताना दिसतं.