पाऊणकी

गाडीतून उतरले आणि कॅमेरा आंधळा झाला.
एसीतलं गार भिंग, बाहेर उम्म अल-कुवैनचा ऑगस्ट,
खाडीवरून चढत येणारी वाफ.
वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं नाही,
हे आता पाठ आहे.

गुल नवाबनं फाटकाची साखळी काढली.
आत साप नाहीत, म्हणाला, कबुतरं आहेत.
आणखी काही असेल तर मला विचारू नका,
मी आत जात नाही.

कामाचा कागद साधा आहे:
पाडण्याआधी प्रत्येक खोलीचे पाच फोटो,
चार भिंती आणि छत.
मनोरुग्णांचं जुनं इस्पितळ, एकशे बारा खोल्या.
नवं बांधलं तेव्हा माणसं हलवली,
पलंग राहिले, कारण ते फरशीत बोल्टनं आवळलेले.

दारांना आतून मूठ नाही.
आरशाच्या जागी स्टीलचा पत्रा,
त्यात मी दिसते, चेहरा दिसत नाही.
वाळू खिडकीतून येऊन पलंगावर बसलीय,
भेटीच्या वेळेत आलेल्या पाहुण्यासारखी,
आणि आता उठायचं नाव घेत नाही.
प्रत्येक छताला हिरवा बाण, किब्ल्याचा,
झोपल्या झोपल्या दिसेल असा.

खोली सदुसष्ट.
वाइलनं ती माझ्यासाठी हेरून ठेवली होती.
बघ, म्हणाला, बिचाऱ्यानं दिवस मोजलेत.
बाणाच्या बरोब्बर उलटी भिंत,
पडल्या जागेवरून हात पोचेल तेवढी,
उभ्या रेघांनी भरलेली.
एक. दोन. तीन. पुन्हा एक.
चमच्याच्या दांड्यानं कोरलेल्या असाव्यात.
मी फोकस केला

आणि रेघांच्या डावीकडे वाइलला जी नक्षी वाटली होती
ते आकडे निघाले. आपले.

१ ॥।
२ १॥
३ २।
४ ३

दिवस नव्हेत रे हे, मी म्हटलं,
आणि पुढं कुठल्या भाषेत सांगावं कळेना.
एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण.
निपाणीला तंबाखूच्या वखारीत
माझे वडील असंच लिहीत,
बोटाला तपकिरी वास, कानावर टाक,
दशांश येऊन वीस वर्षं झाली तरी.
मला पाऊणकी येईना म्हणून
त्यांनी एकदा जेवण अडवलं होतं.

पलंगाच्या पायथ्याशी पत्र्याच्या चौकटीत कार्ड.
वाइलनं अरबी वाचून दाखवलं.
नावात स, ख, र, म; बाकी उन्हानं खाल्लेलं.
सखाराम असेल. सुखराम असेल.
भाषा: हिंदी.
लक्षणं: दिवसभर असंबद्ध बोलतो,
एकाच लयीत, थांबवल्यास चिडतो.

मी भिंत तपासायला लागले,
दुसऱ्याच्या वहीत चूक शोधावी तशी.
सतरा पाऊणे पावणेतेरा. बरोबर.
एकोणीस पाऊणे सव्वाचौदा. बरोबर.
तेवीस पाऊणे?
मी अडले. बोटं काढली.
तो अडला नव्हता: १७।
एकोणतीसपर्यंत सगळं चोख,
मग पलंग संपतो, हात संपतो,
आणि खाली, गिलाव्याच्या आतल्या थरात,
पुन्हा एकपासून.

टॅबवर भिंतीची स्थिती निवडायची असते.
तडा, ओल, बुरशी, ओरखडे.
पाचवा पर्याय नाही.
ओरखडे, मी निवडलं.
दुरुस्ती: आवश्यक नाही.

उरलेल्या पंचेचाळीस खोल्या कशा काढल्या आठवत नाही.
फोटो नीट आलेत, सरळ आलेत.
फाटकाशी आले तेव्हा ओठ चालूच होते,
सत्तावीस पाऊणे सव्वावीस, अठ्ठावीस पाऊणे एकवीस,
जरा मोठ्यानंच असावं,
कारण गुल नवाब खुर्चीतून उठला,
थंड पाण्याची बाटली काढून
लांबूनच हात पुढे केला,
आणि फार हळू, फार मायेनं म्हणाला,
बैठिए, बाजी, बैठ जाइए.

तीस पाऊणे साडेबावीस, मी त्याला म्हटलं.
त्यानं मान हलवली. हो, हो.
माझ्याकडे पाठ न करता
तो साखळी लावायला गेला.