समासातली मोडी

मांडवीजवळच्या वाचनालयात वरच्या मजल्यांना
जमीन काचेची आहे.
खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा
एवढा विचार कुणीतरी कधीकाळी केला.
मी तिच्यावर उभी राहते. पायाखाली, धूसर,
एक माणूस वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवतो.

टीका अशी असावी, वाटायचं.
वर उभं राहावं, आणि खालचं दिसावं.

मिळाल्या त्या शहाबादी फरशीच्या.
एक नऊशे पानांची: मूळ संवादाच्या एका ओळीवर
अकरा विद्वानांचं भांडण,
आणि ओळ बिचारी दाराशी
सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेली.
दुसरी इतकी सोपी, की म्हातारा तिच्यात
प्रश्नच विचारत नाही.
सुविचार सांगतो, शाळेच्या फळ्यावरचे.
तिसरीची पानं कडेला जोडलेलीच होती.
साठ वर्षांत कुणी कापली नव्हती. मीही नाही कापली.

मी विमा कंपनीत दावे तपासते.
'कशावरून?' हे माझं पोटापाण्याचं.
तरी त्या अनवाणी ग्रीकाने दोन सेनापतींना
धैर्य म्हणजे काय, असं विचारलं
तिथे मी तीन रविवार अडकून.

मग सापडलं एक जुनं भाषांतर, पुठ्ठा सुटलेला,
आणि समासात पेन्सिलीने मोडी.
हात न उचलता लिहिलेली, घाईची,
जणू लिहिणाऱ्याला कुणी हाक मारत होतं.
आमच्या घरात मोडी पणजोबांबरोबर गेली.

मोरेश्वर पोतनीस, कोठीवरच्या दफ्तरातून निवृत्त,
राहायला बाबाजीपुऱ्यात.
हातात भिंग, गालात सुपारी, कानात यंत्र, तेही बंद.
"तत्त्वज्ञानातलं मला विचारू नका," म्हणाले.
"अक्षर लावून देईन. अर्थ तुमचा तुम्ही लावा."

पहिली टीप लागली: दुधाचे साडेतीन आणे बाकी.
दुसरी: पान उलटे बांधले आहे, पुढे पाहणे.
तिसरीला ते थांबले. भिंग वरखाली केलं.
"गनिमी कावा लिहिलंय. इथे कशाला?"

मी ओरडून सांगू लागले
(एका ओळीचा अर्थ पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने):
सेनापती म्हणतो, जागा न सोडता लढतो तो शूर.
म्हातारा विचारतो, आणि मागे हटत हटत लढतो तो?

पोतनीसांनी सुपारी दुसऱ्या गालात नेली.
"रास्त आहे. पळ काढला म्हणून आपले काय भित्रे होते?"
नाही.
"मग पळेल तो शूर?"
नाही.
"मग गं?"

मग मला बोलता येईना.
चहा घेऊन आलेल्या सूनबाई म्हणाल्या,
भांडताय होय दोघं? मला वाटलं कुणी पडलं.
मग कप ठेवता ठेवता, सहज,
"आणि बाबा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात,
ते कुठे बसवायचं तुमच्यात?
तिथे ना जागा सोडता येते, ना पळता."

पुढच्या पानावर तेच होतं.
दुखण्यात, दारिद्र्यात, समुद्रावर जे टिकतात, त्यांचं काय?
समास तिथे कोरा.
मी पोतनीसांच्या मनगटाकडे पाहिलं नाही.
त्यांनी बाही खाली ओढली, आणि पान उलटलं.

शेवटी म्हातारा सांगतो, आपल्यापैकी कुणालाच
ठाऊक नाही. उद्या पुन्हा भेटू.
त्याच्या शेजारी एकच शब्द, पुसट.
पोतनीस खिडकीशी गेले, परत आले.
"मलाही," म्हणाले. "मलाही ठाऊक नाही, अशा अर्थी.
किंवा मलई.
दूधवाल्याचा हिशोब होता ना वर."

रविवारी या, म्हणाले. सोमवार-गुरुवार नको.
यंत्र चालू करून ठेवतो.

मी दोन्ही शब्द लिहून घेतले.