शीग

आमचं बेट इतकं लहान
की नकाशावर ठिपकासुद्धा त्याला सैल होतो.
चिलोएच्या कुशीत, पावसात.
शाळेत तेरा मुलं, एक लोखंडी चूल आणि मी.
त्या आठवड्यात पाठ होता घनफळाचा.

पुस्तकात काचेची टाकी होती, टाकीत मासे.
टाकी इथे कुणी पाहिलेली नाही
आणि मासे इतके थोडे कधीच नव्हते.
म्हटलं, उद्या घरचं आल्मूद आणा,
बटाटे मोजायची ती लाकडी पेटी,
आज्याने ठोकलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेली.

आठ पेट्या आल्या.
एकीत कोंबडीचं पीस, एकीत कोंब फुटलेला जांभळा बटाटा,
ओनोफ्रेच्या पेटीत मांजराचं पिल्लू,
ते बाहेर यायला तयार नव्हतं.

पट्टी लावायला शिकवणं सोपं नाही.
शून्य टोकाला नसतं, जरासं आत असतं,
पहिल्या रेघेवर.
रोसामेल एकापासून मोजायचा,
म्हणून त्याच्या सगळ्या वस्तू
जगापेक्षा एक सेंटीमीटर लांब.

वीस गुणिले वीस गुणिले वीस.
एवढ्या शून्यांवर कुणाचा विश्वास बसेना.
मग चुलीवर वाळू वाळवली,
दुधाचा लिटरचा खोका भरभरून ओतला.
आठ खोके. काठोकाठ.
आठ हजार आणि आठ एकच, हे कळल्यावर
ओनोफ्रे हसत सुटला,
जणू त्याची कुणी थट्टा केली होती.

शेवटची पेटी उल्डाची.
तिचे वडील दर गुरुवारी लाँच घेऊन येतात,
त्याच पेटीने बेटाचे बटाटे विकत घेतात.
आठ खोके रिते झाले. वाळू काठाच्या खाली.
नववा ओतला.
जवळजवळ सगळा आत गेला.

चुलीत ओलं लाकूड चुरचुरत राहिलं.

मग आलेख. एका लिटरला पाच सेंटीमीटर कागद.
सात पट्ट्या एका उंचीच्या, कुंपणासारख्या.
उल्डाचा कागद पुरेना.
मी म्हणू शकले असते, राहू दे, पेटी जुनी आहे.
म्हणू शकले असते, सात पुरेत.
तिनेच पिवळा तुकडा मागितला, चिकटवला,
डिंक सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला.
दोन बोटं वर.

रोसामेलचे ओठ हलत होते:
दहा मापांमागे अकरावं.
त्याची आई एका हंगामात किती मापं विकते...
घंटा मी दहा मिनिटं आधी वाजवली.

गुरुवारी धक्क्यावर मी जाणार नव्हते.
गेले. मीठ घ्यायला.
पेटीच्या तळाला नवी फळी, पांढरी, कोवळी, चार खिळे.
दोन सेंटीमीटर, मी नजरेनेच मोजली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मी मिठाकडे पाहत राहिले.

शुक्रवारी उल्डाने पेटी परत आणली.
आठ खोके. काठोकाठ.
पिवळा तुकडा खरवडायला तिने नख लावलं.
म्हटलं, जुनी पट्टी काढायची नाही,
खाली तारीख घाल
आणि शेजारी नवी लाव.
तिने लावली. मग बराच वेळ
दोन्हींकडे पाहत उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "हे सगळं काठापर्यंतचं.
आई शेजारी बटाटे देते
तेव्हा वर ढीग लावते, घरंगळेपर्यंत.
त्या शिगेचं सूत्र काय?"

ते वरच्या वर्गात येतं, मी म्हटलं.
तेरा जण माझ्याकडे बघत होते.
खोटं नव्हतं ते.
भरलेलं मापही नव्हतं.