मेंढा एर्टीला

एक्केचाळीस वर्षं तू रोज लिहीत होतास, लॉरी.
वारा कुठला, भरती कधी,
कुठली मेंढी व्याली, डिझेलचा भाव.
एक्केचाळीस डायऱ्या,
आणि एकाही पानावर नाही
की तुझ्यामागे कुणाचं काय.

लर्विकच्या वकीलबाई तरुण आहेत, चांगल्या आहेत.
म्हणाल्या, मृत्युपत्र नसलं तरी घाबरू नका,
घर तुमच्याकडेच येईल,
फक्त आधी कोर्टानं तुम्हाला नेमलं पाहिजे.
मला! इतकी वर्षं
बिननेमणुकीचीच तुझे मोजे रफू करत होते.

मग यादी. घर. मेंढ्या, नगावर. होडी, अर्धी.
उरलेली अर्धी तुझ्या भावाची,
ज्याच्याशी तू ब्याण्णव सालापासून बोलला नाहीस.
"कुठली अर्धी?" मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

बँकेतला मुलगा आधी दुःख व्यक्त करतो,
मग तुझी जन्मतारीख विचारतो.
चौथ्या फोनला मी ती चुकवली.
आयुष्यात पहिल्यांदा.

रात्री शेगडीत पीट घालून
मी तुझ्या डायऱ्या मागून पुढे वाचते.
"ऑस्लाचा खोकला कमी."
"ऑस्ला रागावली. कारण कळलं नाही."
(मला आठवतं कारण. अजूनही सांगणार नाही.)
आणि गेल्या नोव्हेंबरात, फाटकाच्या बिजागरीखाली:
"काळ्या तोंडाचा मेंढा एर्टीला द्यावा. पोराला कळप कळतो."

एर्टी, शेजारचा, सतरा वर्षांचा.
ना तुझ्या रक्ताचा, ना माझ्या.

ते पान घेऊन बोटीनं, मग बसनं गेले.
बाईंनी दोनदा वाचलं.
अक्षर त्यांचंच, म्हणाल्या, पण खाली सही नाही.
कायद्याच्या लेखी हे नुसतं पान.
स्वतःच्या डायरीत सही कोण करतं, बाई?
त्यांनी माझ्यासाठी अजून एक कप चहा मागवला.

मे महिन्यात शिक्का आला.
मेंढा माझ्या नावावर, किंमतीसकट.
त्याच संध्याकाळी त्याला दोरीनं ओढत नेला
आणि एर्टीच्या हातात दोरी दिली.
पोरगं काही बोललं नाही, मेंढ्याचे दात बघत राहिलं.
तू असतास तर तुला आवडलं असतं.

घरी येऊन तुझी डायरी उघडली, उरलेल्या कोऱ्या पानावर:
"वारा नैर्ऋत्येचा. मेंढा एर्टीला दिला."
खाली सही केली. पूर्ण नावानिशी.

होडीचं काही ठरलेलं नाही.
किनाऱ्यावर पालथी पडली आहे,
सगळीच्या सगळी.