ची

पाळकसाहेबांनी एक फोटो आणला.
कुठल्याशा वाळवंटात सापडलेला मातीचा शिक्का,
तळव्याएवढा, मागे धरायला मूठ,
पुढे ग्रीक अक्षरं, सगळी पाठमोरी.
सुरुवातीच्या काळातल्या मंडळ्या म्हणे
भट्टीत घालण्याआधी भाकरीवर हा दाबत,
मग ती मोडत.

"ईस्टरला आपणही करू," साहेब म्हणाले.
एरवी प्रभुभोजनाला शाहूपुरीतल्या बेकरीचा स्लाइस ब्रेड.
मीच कापते. चौकोनी तुकडे ताटात,
कडा कोंबड्यांना.

फोटो घेऊन पापाच्या तिकटीला गेले,
दस्तगीर शिकलगारांकडे.
गुळाच्या रव्यांच्या कापडावर उमटवायचे शिक्के
त्यांनी चाळीस वर्षं कोरले:
अडत्यांची नावं, ऊस, बैलजोडी, एकदा मोर.
चष्मा कपाळावर ढकलून बघितलं.
"ग्रीक हाय व्हय? मला मराठी तरी कुठं सुलट दिसती.
दुकानाची पाटी वाचताना अजून अडखळतो बघा."

चिठ्ठीवर मी लिहून नेलं होतं:
जीवनाची भाकर.
त्यांनी बोटावर मोजलं. सात अक्षरं,
दोन काने, दोन वेलांट्या.
"वेलांटीत पीठ अडकणार, वैनी.
कापड कसं, गप पडून घेतं.
पीठ फुगतंय.
फुगणाऱ्यावर लिवायचं म्हंजे..."
आणि वाक्य तिथंच ठेवून
शिसवीचा तुकडा शोधू लागले.

पहिल्या भाकरीची शिरोरेषा मधोमध तडकली.
दुसरीच्या वेलांट्या बुजल्या.
जवनाच भाकर, धाकट्यानं मोठ्यानं वाचलं
आणि हसत बाहेर पळाला.
तिसरीवर काहीच नाही. नुसता खळगा,
कुणी उठून गेल्यावर उशीवर राहतो तसा.

"कमी करा," शिकलगार म्हणाले.
भाकर काढली. ती तर हातातच आहे.
जीवन काढताना मी जरा थांबले.
ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की बाहेर, हितं मावत न्हाई."
उरली ची.
तिची वेलांटी त्यांनी छत्रीएवढी केली.
मजुरी विचारली तर म्हणाले,
एक भाकर द्या, बिनशिक्क्याची.

वडीलमंडळाच्या सभेत नहूम सातपुते उठले.
"ची म्हणजे? कुणाची?
अलीकडं काय नाही, पलीकडं काय नाही,
प्रत्यय का कुठं खातात?"
ते शाळेत व्याकरण शिकवायचे.
साहेब काही बोलले नाहीत.
भाकर नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला
आणि विषयपत्रिकेतला पुढचा मुद्दा काढला, छपराची गळती.

ईस्टरला पहाटे चार वाजता कणीक मळली.
शिक्का दाबला तेव्हा लाकूड थोडं चिकटलं,
सोडायला तयार नव्हतं.
उपासनेत साहेबांनी भाकर वर धरली,
पहिला मोड वेलांटीतूनच गेला.
सातपुत्यांच्या तुकड्यावर एक उभी रेघ होती.
ते चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले,
मग खाल्ली.

माझ्या वाट्याला कड आली.
कोरी, जराशी करपलेली.
घरी गेले तर कोंबड्या कुंपणाशी
रांग लावून उभ्या.